जुनी पिकअप घेताना विचारा, तिने काय वाहिलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘पिकअप विकणे आहे’ अशा ओळी नेहमी असतात. सिंगल ओनर, ए-वन कंडिशन, नवे टायर, कमी रनिंग. या चारही गोष्टी खऱ्या असल्या तरी गाडी घ्यावी की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: या गाडीने आजवर काय वाहिलं? मासळी, चिरे, भाजी, की हॉटेलांचा किराणा? याचं खरं उत्तर मिळालं तर गाडीचं दुखणं कुठे असेल ते निम्मं तिथेच कळतं. जाहिरातीत मात्र हे कधीच नसतं. कर्ज काढून धंद्याची पहिली गाडी घेणारी मुलं त्यामुळे फसतात, म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मालीम, कुटबण, खारीवाडा या गोव्यातल्या मासळी धक्क्यांकडे फिरलेल्या गाड्या धुऊन, रंगवून विकायला निघतात. वरून त्या देखण्या दिसतात. पण क्रेटमधल्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या (माल ठेवायच्या भागाच्या) सांध्यांतून वर्षानुवर्षं खाली झिरपलेलं असतं. हौदा आणि चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये लाकडाची किंवा रबराची पट्टी घातलेली असते. ती पट्टी हे पाणी स्पंजासारखी धरून ठेवते आणि तिच्याखालची चासी वरच्या बाजूने खाल्ली जाते. उभं राहून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. इन्सुलेटेड बॉक्स बसवलेला असेल तर हौद्याचा तळसुद्धा दिसत नाही.

म्हणून गाडीखाली झोपून बघावं. हातात टॉर्च आणि दोनशे ग्रॅमची छोटी हातोडी असावी. केबिनच्या मागच्या कडेपासून सुरुवात करून मागच्या अ‍ॅक्सलच्या वरच्या भागापर्यंत चासीवर वीतभर अंतराने हलके ठोके मारावेत. चांगला पत्रा टणटणीत वाजतो, कुजलेला थप्प असा बसका आवाज देतो. पाट्यांचे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) ब्रॅकेट जिथे रिव्हेटने जोडलेले आहेत ती जागा आणि आडव्या पट्ट्यांचे कोपरे दोनदा तपासावेत. आपल्या हवेत एका पावसाळ्यातच तपकिरी भुकटी येते, तिला घाबरू नये. खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटत असतील, किंवा चासीवर पत्र्याचा तुकडा वेल्ड केलेला असेल, तर मात्र किंमत कितीही खाली आली तरी गाडी सोडावी. इंजिन बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चासीवर गाडीचा नंबर कोरलेला असतो, ती सहजासहजी बदलता येत नाही. बाकी सगळी गाडी जुनी आणि खालची बाजू तेवढी नव्या काळ्या रंगाने चकचकीत असेल, तर तो रंग कशासाठी मारला ते मालकाला सरळ विचारावं.

खाली असतानाच ब्रेकचे लोखंडी पाइप बघावेत. चासीला चिकटून मागे जाणाऱ्या या पाइपांवर गंजाच्या पुटकुळ्या दिसल्या तर ते पहिल्या जोरदार ब्रेकला फुटू शकतात. मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेली दांडी असते. हौद्यात माल किती आहे त्याप्रमाणे मागच्या चाकांना ब्रेकचा दाब कमी-जास्त देण्याचं काम ती करते. खाऱ्या पाण्याने ती जाम होते आणि कित्येकदा कोणीतरी तारेने वर बांधून ठेवलेली असते. अशी गाडी रिकामी असताना ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी आडवी फिरते. एवढी एक दांडी बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) वाहिलेल्या गाडीचं दुखणं निराळं. चौदा बाय नऊ बाय सात इंचांचा एक चिरा तीसेक किलोचा भरतो. १.३ टन क्षमतेच्या पिकअपमध्ये साधारण ४३ चिरेच भरायला हवेत. हौद्यात जागा त्याहून कितीतरी जास्त असते, म्हणून ऐंशी भरले जातात आणि वजन २.४ टनांवर जातं. गाडी ओढते, यात शंका नाही. बोलेरो पिकअपचं २,५२३ सीसीचं इंजिन दमदार आहे, आणि नेमकं त्यामुळेच तिच्यावर जास्त लादलं जातं. इंजिन टिकतं, मार बसतो तो क्लच, क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारे गिअर) आणि पाट्यांना. मागचे पाटे दोन्ही बाजूंनी मोजावेत. एखादा पाटा बाकीच्यांपेक्षा जाड किंवा वेगळ्या रंगाचा असेल तर तो मागाहून वाढवलेला आहे, म्हणजे ओव्हरलोड हाच त्या गाडीचा रोजचा धंदा होता. पाट्यांमधून लाल भुकटी झिरपलेली दिसली तर तिथे पाट्याला तडा गेलाय का ते बघावं. खाणपट्ट्यातल्या धुळीचा लाल रंग आणि गंजाचा लाल रंग लांबून सारखाच दिसतो. ओल्या फडक्याने पुसावं, धूळ निघून जाते. मग सपाट जमिनीवर रिकामी गाडी उभी करून हौद्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजावं. बोटभर फरक चालेल. तीन बोटांचा असेल तर एका बाजूचे पाटे बसलेत किंवा पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटलाय.

पुढचं चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवावं. ढिलेपणा जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ढिलेपणा गेला तर चाकाचा बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. बेअरिंगचा खर्च किरकोळ असतो, किंगपिनचा नाही.

इंजिन थंड असतानाच बघायला जावं. मालकाला वेळ कळवून गेलं की गाडी आधीच गरम करून ठेवलेली असते, म्हणून बॉनेट उघडून आधी इंजिनावर हात ठेवावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावं, लाजू नये. थंड इंजिन सेल्फ मारताच एक-दोन सेकंदांत पकडायला हवं. सुरुवातीचा मिनिटभर थोडा पांढरा धूर आला तर पावसाळ्यात ते चालतं. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलेलं आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर काळा धूर म्हणजे एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप किंवा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा नोझल), आणि तपासायचं याच क्रमाने, कारण फिल्टर सगळ्यांत स्वस्त. इंजिन तापल्यावर ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवावं. ते जरा थरथरलं तर हरकत नाही. उडून पडत असेल आणि भकाभका धूर येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन देतंय, म्हणजे पिस्टनजवळून दाब खाली गळतोय; ते बांधायला झालं. धुळीत फिरलेल्या गाडीत हे लवकर होतं, कारण फिल्टरची घडी फाटली की बारीक धूळ थेट पिस्टनच्या रिंगांपर्यंत जाते.

छोटा हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसबद्दल एक सांगायला हवं. तिच्या जुन्या डिझेल मॉडेलला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आहे. ते थरथरणारच, तेवढ्यावरून गाडी नाकारू नये. गल्लीबोळांतल्या हलक्या मालाला ती चांगली गाडी आहे. पण तिचा भार पाऊण टनाचा. दीड टन घालून चोर्ला घाट चढवलेली असेल तर इंजिन तापून हेडला मार बसलेला असतो. रेडिएटरचं पाणी गंजकट आहे का आणि त्यावर तेलाचा तवंग आहे का, हे इंजिन थंड असताना बघावं.

कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनात इंजेक्टर हा मोठा खर्च. गरम इंजिन बंद करून लगेच सेल्फ मारावा. थंड असताना चटकन पकडणारी गाडी आता चार-पाच सेकंद घेत असेल तर इंजेक्टर डिझेल परत सोडताहेत. गॅरेजवाला प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला (डिझेल परत येणाऱ्या नळीला) एकेक छोटी बाटली लावून पाच मिनिटं इंजिन चालवतो. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली की दोषी सापडला. सगळे बदलायची घाई करणाऱ्याकडे आधी ही परीक्षा मागावी.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक निकषांच्या) डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला सायलेन्सर बराच वेळ खूप तापावा लागतो. म्हापशाच्या बाजारातून कळंगुटच्या हॉटेलांकडे, आठ-दहा किलोमीटर रांगत जायचं आणि थांबायचं, यात तो पुरता तापतच नाही. फिल्टर तुंबतो, साफ होण्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं आणि त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं तर ‘भरपूर ऑइल आहे’ असं समाधान मानू नये. वास घ्यावा, डिझेलचा येईल. चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे एकदा पेटून विझायला हवेत. इंजिनाचा दिवा मुळात पेटतच नसेल तर तो बंद करून ठेवलाय. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून बघावं. फिल्टर शाबूत असलेल्या गाडीत बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळीकुट्ट काजळी लागली तर फिल्टर फुटलाय किंवा काढून टाकलाय. अशा गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय बयाणा देऊ नये.

ट्रायल सपाट रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. जमल्यास पाच-सहा क्विंटल माल घालून चढावर न्यावी. वर जाताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच संपला. उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडावी. गिअरचा दांडा आपोआप न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्स उतरवावा लागणार. रेस देताना मागून ‘ऊं’ असा आवाज येऊन रेस सोडल्यावर तो बदलत असेल तर क्राउन-पिनियन. रिव्हर्स टाकताना खाली ‘टक्’ वाजलं तर प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, हे काम मोठं नाही.

बाहेरच्या राज्यांतून आलेल्या गाडीबाबत पुराचं भान ठेवावं. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, २०२१ मध्ये चिपळूणमध्ये शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला आणि फ्यूजबॉक्सच्या कोपऱ्यात गाळ बघावा. सीट धुता येते, तिथला गाळ राहतो.

कागदांत फिटनेसची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याच्या दाखल्याची, तारीख आधी बघावी. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. फिटनेस संपलेली गाडी ‘तुम्हीच करून घ्या’ म्हणत स्वस्तात देतात, तेव्हा ती पास का झाली नाही ते विचारावं. ई-चलान पोर्टलवर गाडीचे तपशील घातले की ओव्हरलोडचे दंड दिसू शकतात, मालक काहीही सांगो. कर्ज फिटलं असेल तर गाडीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात घ्यावं, परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र). गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ते घरी ठेवू नयेत. गाडी नावावर होण्याआधी अपघात झाला तर जुना मालक आणि नवा, दोघेही कोर्टाच्या फेऱ्या मारतात.

संपादक महोदय, आपल्याला विनंती एवढीच आहे. पिकअपची जाहिरात घेताना देणाऱ्याला तीन गोष्टी लिहायला सांगा: गाडीने मुख्यतः काय वाहिलं, फिटनेस कधीपर्यंत आहे, आणि घेणाऱ्याच्या मेकॅनिकला गाडी पिटवर (खालून बघायच्या खड्ड्यावर) घेऊन अर्धा तास बघू देणार का. एका ओळीचा खर्च वाढेल. तिसऱ्या प्रश्नाला जो ‘नाही’ म्हणेल, त्याच्या गाडीकडे जायचा पेट्रोलचा खर्च तरी लोकांचा वाचेल.

आपले,
मालवाहू गाड्या दुरुस्त करणारे काही मेकॅनिक
फोंडा