‘कोरी सायकल’मागचे गृहस्थ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत स्थलांतरित शास्त्रज्ञांवर आलेल्या लेखात प्रागमध्ये जन्मलेले जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कार्ल कोरी यांना जेमतेम एक परिच्छेद मिळाला आणि त्यातही ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ एवढ्यावर त्यांचा संसार आटोपला. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हे खटकले, कारण या जोडप्यात साथ कोणी कोणाला दिली याची हकीकत बरीच वेगळी आहे.

कार्ल यांचा जन्म १८९६ चा. घरची भाषा जर्मन आणि बालपण आजच्या इटलीतील त्रिएस्त शहरात गेले असले, तरी डॉक्टर ते प्रागमध्येच झाले. तेथेच वर्गमैत्रीण गर्टी भेटल्या आणि १९२० मध्ये, पदवी हातात पडली त्याच वर्षी, दोघांचे लग्न झाले. महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात अन्नाची इतकी टंचाई होती, की तेथील बालरुग्णालयात काम करणाऱ्या गर्टी यांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळ्यांचा विकार जडला. त्यातच गर्टी जन्माने ज्यू असल्याने त्या वातावरणात आपल्याला भवितव्य नाही, हे दोघांनी ओळखले. १९२२ मध्ये कार्ल अमेरिकेत बफेलो येथील कर्करोग संशोधन संस्थेत रुजू झाले आणि काही महिन्यांनी गर्टीही तेथे पोहोचल्या.

कार्ल यांची खरी कसोटी पुढेच लागली. नवरा-बायकोने एकत्र संशोधन करू नये, असा वरिष्ठांचा आग्रह होता. एका विद्यापीठाने तर पत्नीबरोबरचे काम थांबवण्याच्या अटीवर कार्ल यांना पद देऊ केले आणि नवऱ्याच्या प्रगतीत तुम्ही आडव्या येत आहात, असे गर्टी यांना तोंडावर ऐकवले. कार्ल यांनी ती जागा नाकारली. परक्या मुलुखात बस्तान बसायचे असताना चालून आलेले पद सोडणे सोपे नसते. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते विभागप्रमुख म्हणून गेले ते गर्टी यांना प्रयोगशाळेत जागा मिळणार म्हणूनच. मात्र तेथेही गर्टी यांना केवळ संशोधन सहायकाचे पद आणि तुटपुंजा पगार मिळाला. प्राध्यापकपद त्यांच्या वाट्याला आले ते १९४७ मध्ये, म्हणजे दोघांना वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले त्याच वर्षी!

स्नायूंत तयार झालेले लॅक्टिक आम्ल रक्तावाटे यकृतात जाते, तेथे त्याचे ग्लुकोज होऊन ते पुन्हा स्नायूंना मिळते, हे चक्र आपल्याकडे एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी ‘कोरी सायकल’ म्हणून घोकून घेतले जाते. ‘कोरी’ हे एका माणसाचे नाव नसून दोघांचे आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

नोबेलच्याच सुमारास गर्टी यांना अस्थिमज्जेचा असाध्य विकार असल्याचे निदान झाले. पुढची दहा वर्षे, वेळोवेळी रक्त चढवून घेत, त्या प्रयोगशाळेत येत राहिल्या. चालणे अशक्य झाले तेव्हा कार्ल त्यांना उचलून एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे नेत. १९५७ मध्ये गर्टी गेल्या, तेव्हा त्यांचा मुलगा टॉम एकवीस वर्षांचा होता.

स्टॉकहोमच्या नोबेल मेजवानीतील भाषणात कार्ल यांनीच सांगितले होते, की आमचे काम परस्परपूरक असून एकट्याने कोणीही इतका पल्ला गाठला नसता. आपल्या लेखात किमान एवढे तरी यायला हवे होते.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, मिरज