बाथरूममध्ये घसरले नव्हते मी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होतास. ऐन मे महिन्यात! ‘दारात हात अडकला’ म्हणालीस आणि बाबा शेजारी होते म्हणून मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. पण तुझ्यासारखीच मनोरुग्णालयात नर्स म्हणून तीस वर्षं काढलेल्या बाईला दारात अडकलेला हात आणि पिरगाळलेला हात ओळखता येतो गं.

तू तिसरीत असताना माझ्या कपाळाला दोन टाके पडले होते, आठवतं? बाथरूममध्ये घसरले, असं घरी सांगितलं होतं. खरं तर रात्रपाळीत गोळ्या वाटताना एका पेशंटनं स्टीलचा पेला फेकून मारला होता. त्याला आवाज ऐकू यायचे. सिस्टर विष देतेय, असं ते त्या रात्री सांगत होते.

पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. पेला फेकून तो कोपऱ्यात जाऊन बसला, थरथरत. तरी मी वॉर्डबॉयला म्हटलं, बांधा त्याला. सकाळपर्यंत सोडू दिलं नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘सुरक्षेसाठी’. सकाळी सोडल्यावर तोच मला विचारतो, “सिस्टर, कपाळाला काय लागलं?”

आता रागवायचं कुणावर? त्या आठवड्यात पाढे चुकले म्हणून तुला दोनदा मारलं मी. घरात भांडं पडलं की कितीतरी महिने छातीत धस्स व्हायचं. वरिष्ठ म्हणाल्या, “या नोकरीत हे चालायचंच.”

तुमच्या वेळी २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. कलम ९७ प्रमाणे शिक्षा म्हणून बांधता येत नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. योग्यच आहे ते. पण रात्री अख्ख्या वॉर्डला तुम्ही दोघीच, त्याचं काय?

तू का बोलत नाहीस तेही कळतं. एकाचं सांगितलं की लोक सगळ्यांना मारकुटे ठरवतात, आणि बहुतेक पेशंट कुणाच्या वाटेला जात नाहीत हे आपल्यालाच माहीत. तरी घडलं ते लेखी दे. काही दिवस दुसरा वॉर्ड मागून घे, त्यात कमीपणा नाही. त्या पेशंटचा राग येत असेल तर येऊ दे. मला सांग, त्याच्यावर काढू नकोस.

रविवारी साडेपाचला बाबा भजनाला जातात. तेव्हा फोन कर. बाही वर करून.

तुझी,
आई