बीएस-एमडीला (अमेरिकेत शाळेनंतर पदवी आणि डॉक्टरकी एकत्र देणारा कोर्स) अप्लाय करणाऱ्या मुलांसाठी शनिवारी झूम मीटिंग

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता (ईस्टर्न टाइम) झूमवर भेटतोय, आणि यंदा बारावीत असलेल्या मुलांनी स्वतः यायचंय, नुसत्या आईबाबांनी नाही.

- ब्राऊन युनिव्हर्सिटीचा पीएलएमई (त्यांचा असा एकत्र कोर्स) ८ वर्षांचा, एमसीएट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) लागत नाही, पण कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) जास्तीचे निबंध आहेत, ते शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. अर्ली डिसिजनची (एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा मार्ग) डेडलाइन १ नोव्हेंबर. ते बाइंडिंग असतं, म्हणजे पीएलएमई हुकलं आणि नुसत्या ब्राऊनला अ‍ॅडमिशन मिळाली तरी जावं लागतं, तर फीचं वगैरे घरात आधीच बोलून घ्या.
- कॅन्सस सिटीच्या यूएमकेसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ मिसुरी-कॅन्सस सिटी) कोर्स ६ वर्षांचा. एवढ्या लहान वयात मूल डॉक्टरकीला बांधलं जातं, त्याला खरंच हवंय का ते प्लीज विचारा.
- शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना आत्ताच सांगा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, लिंक पाठवते.