अण्णांना एकही ओळ न गाळता वाचून दाखवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझे वडील अण्णा यांना तुम्ही वाचून दाखवत होतात ती कादंबरी गेल्या आठवड्यात संपली. तुमचे आभार समक्ष मानायला गेलो की माझा गळा दाटून येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर ठेवतो आहे, कारण तुम्ही जे केलेत ते आपल्या दांडिया बाजारातल्या चार घरांना तरी कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

काचबिंदूने दृष्टी गेली तेव्हा अण्णांना सर्वांत जास्त लागले ते वाचन सुटल्याचे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची चळवळ उभी केली. त्यांच्या वडोदऱ्यात वाचनाचा अभिमान सांगणारे पुष्कळ आहेत. दृष्टी गेलेल्या एका वृद्धापाशी तासभर बसून वाचणारे मात्र मिळेनात. मी नोकरीमुळे आठवडाभर भरूचला. अखेर एक गृहस्थ आले. सभासमारंभांत पुस्तकांवर बोलणारे म्हणून त्यांचे नाव आहे. खालिद हुसैनी यांच्या ‘द काइट रनर’ या कादंबरीचा मराठी अनुवाद वाचून दाखवायला त्यांनीच सुरुवात केली.

अण्णा त्या कादंबरीत लगेच रमले. ज्यांची सारी उत्तरायणे गच्चीवर गेली आणि गेंडीगेटच्या बाजारातला मांजा ज्यांनी बोटाने पारखला, त्यांना १९७५ च्या हिवाळ्यातली काबूलची पतंगांची स्पर्धा समजावून सांगावी लागत नाही. शेवटचा कापलेला निळा पतंग आपल्या मालकाच्या मुलासाठी, अमीरसाठी, आणायला त्याचा सवंगडी हसन धावत सुटतो, तिथे अण्णा खुर्चीत पुढे सरकून बसले होते. त्यापुढचे मात्र त्या गृहस्थांनी न सांगता गाळले. काही दिवसांनी कथेत अमीर आपले घड्याळ आणि पैसे हसनच्या गादीखाली लपवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो, असे आले. “इतका जीव लावणाऱ्या मुलाशी हा असा का वागतो?” असे अण्णांनी विचारले, तेव्हा लेखकालाच ते नीट जमलेले नाही, असे उत्तर मिळाले. अण्णांच्या वयाला मानवणार नाही म्हणून पाने वगळली, हे मला त्यांनी नंतर दारात उभे राहून सांगितले, आणि मग त्यांचे येणेही थांबले. ऐंशीच्या घरातल्या माणसाला काय सोसवेल, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला होता, हा प्रश्न मला आजही छळतो.

तुम्ही आलात आणि पहिल्या पानापासून सुरुवात केलीत. सातव्या प्रकरणाशी आल्यावर तुम्ही पुस्तक मिटलेत आणि म्हणालात, “अण्णा, यात एका लहान मुलावर बलात्कार होतो आणि त्याचा मित्र ते पाहून पळून जातो. पूर्ण वाचू, थोडक्यात सांगू, की आज इथेच थांबू? तुम्ही म्हणाल तसे करू.”

ताई, मी त्या दिवशी घरी होतो. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत आणि तुम्हीही घाई केली नाहीत. डोळस वाचकाला नको असलेले पान उलटता येते, पुस्तक बाजूला ठेवता येते. ऐकणाऱ्याला यातले काहीच आपल्या हाताने करता येत नाही. दृष्टीबरोबर गेलेली ती मोकळीक तुम्ही अण्णांना त्या एका प्रश्नाने परत दिलीत. “पूर्ण वाचा,” ते म्हणाले आणि तुम्ही आवाज न चोरता वाचलेत.

याच कादंबरीत डाळिंबाच्या झाडाखाली बसून अमीर निरक्षर हसनला गोष्टी वाचून दाखवतो आणि एकदा पुस्तकातले सोडून मनाचेच रचून सांगतो. त्या प्रसंगावर अण्णा म्हणाले, “माझेही असेच झाले होते.” हसन पुढे स्वतः लिहायला-वाचायला शिकून अमीरला पत्र लिहितो, हे ऐकताना त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

ते प्रकरण गाळल्यावर या कादंबरीत काय उरते, याचा त्या गृहस्थांनी विचार करायला हवा होता. हसन अफगाणिस्तानातल्या हजारा या अल्पसंख्य समाजाचा आहे, नोकराचा मुलगा आहे, त्याच्यासाठी कोणी जाब विचारणार नाही, हे गल्लीत त्याच्यावर अत्याचार करणाऱ्या आसेफला ठाऊक असते. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, १९९६ मध्ये तालिबानने काबूल घेतले, १९९८ मध्ये मजार-ए-शरीफमध्ये हजारा समाजाच्या लोकांची कत्तल झाली. त्या गल्लीतल्या क्रौर्याला पुढे बंदुका आणि सत्ता मिळाली, हे गल्लीच वगळली तर कसे कळावे? सारे आयुष्य टाळलेल्या ठिकाणी अमीर अखेर परततो आणि हसनच्या मुलाला, सोहराबला, तालिबानमध्ये गेलेल्या आसेफच्या तावडीतून सोडवण्यासाठी मार खातो. त्या माराचे मोल अण्णांना कळले, कारण तो लहानपणी कशापासून पळाला होता हे तुम्ही त्यांच्यापासून लपवले नाहीत.

तुमच्यासारखी माणसे समोरच्याला दुबळे समजून त्याच्या वतीने निर्णय घेत नाहीत, त्यालाच विचारतात. हा सभ्यपणा मला विद्वत्तेहून फार मोठा वाटतो आणि तो आमच्या घरात आला, याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

अण्णांची एक विनंती आहे. हसनची आवडती, ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यातली रुस्तुम-सोहराबची कथा त्यांना सविस्तर ऐकायची आहे. चांगला मराठी पाठ मी शोधतो आहे. मिळाला की तुमच्याकडे आणून देईन. वाचनाचा दिवस आणि वेळ तुमच्या सोयीने ठरवावी.

आपला नम्र,
अण्णांचा मुलगा
दांडिया बाजार, वडोदरा