घणसोलीच्या मावशींना जाहीर पत्र

मावशी,

सप्रेम नमस्कार.

माझा एम.ए.चा प्रबंध मंजूर झाला. आभाराच्या पानावर मार्गदर्शक बाई, ग्रंथालय, आई-बाबा सगळे आले. तुमचं नाव छापायचं नाही ही तुमचीच अट, म्हणून हे पत्र. गावठाणात मावश्या पुष्कळ, त्यामुळे अट मोडत नाही.

विषय तुम्हाला ठाऊक आहेच: नवी मुंबई वसवायला सिडकोनं जमिनी घेतल्यावर लेकींच्या वाट्याला काय आलं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीनं यायचे तेव्हा वाचन भरपूर झालं होतं. 1974चा स्त्रियांच्या स्थितीविषयीचा अहवाल, त्याच वर्षी नीरा देसाईंनी एस.एन.डी.टी.त सुरू केलेलं स्त्री-अभ्यास केंद्र. नवी मुंबईसाठीची 95 गावं, जमिनी गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटलांचं 1984चं आंदोलन, गोळीबारात गेलेले पाच जण, पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेले साडेबारा टक्क्यांचे भूखंड. फक्त बाई एकटी बोलेल असं एकही घर मिळत नव्हतं. प्रश्न बाईला, उत्तर भावाचं.

ते तुम्ही एका वाक्यात सोडवलंत. ‘दादा, कोलंबी सोलायची आहे, बसतोस का?’ दादा उठले, चपला घालून नाक्यावर गेले. संशोधन पद्धतीच्या तासाला हे कुणी शिकवलं नव्हतं!

नंतर तो संमतीचा फॉर्म. विद्यापीठाचा नियम, प्रत्येकीची सही हवी. तुम्ही कागद उलटसुलट करून पाहिलात आणि म्हणालात, ‘न वाचता सह्या करूनच बसलोय आमी सगळ्या.’ मग तुम्हीच मधला मार्ग काढलात: मी फॉर्म मोठ्यानं वाचायचा, आणि पटलं तर तिनं तोंडानं हो म्हणायचं, तेच रेकॉर्ड करायचं. मार्गदर्शक बाईंनी ते लगेच मान्य केलं.

त्या दुपारी हक्कसोडपत्रांची, म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावासाठी सोडल्याच्या कागदांची, गोष्ट निघाली. महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना वगळलं. 2005च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. बहिणींच्या सह्या मात्र होतच राहिल्या. तुम्हीही केलीत. का, असं विचारल्यावर म्हणालात, ‘भूखंड घेतला असता तर गौरीला कुणाकडे गेले असते?’

यावर आपलं भांडण झालं, आठवतंय ना? माहेर तुटेल ही भीती हाच दबाव, असं माझं म्हणणं. ते मी आजही सोडलेलं नाही. तुमचं म्हणणं, आजारपणात धावून येतो तो भाऊ, भूखंड नव्हे. ‘दोन्ही लिही,’ म्हणालात. तिसऱ्या प्रकरणात दोन्ही आहे, आणि परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

आणखी एक ऋण आहे. मी फक्त शेतजमिनीचं विचारत होते. तुम्ही खाडीकडे बोट दाखवलंत. ओहोटीला खुबे वेचणं, निवट्या पकडणं, मिठागरावरची मजुरी. बाईच्या हातात रोकड यायची ती तिथून. त्या कमाईचा सातबारा नसतो, म्हणून तिची भरपाई मागायलाही जागा नव्हती. सासूबाईंच्या टोपलीतल्या पैशांवर तुमची दहावीची फी भरली गेली, हे तुम्ही सहज बोलून गेलात. माझं चौथं प्रकरण त्या वाक्यातून सुरू होतं.

प्रबंध इंग्रजीत आहे, त्याला इलाज नव्हता. दोन प्रकरणांचं मराठी करून मोठ्या अक्षरात छापलंय. गणपतीआधी एखाद्या दुपारी येते. कुणाला काही गाळायचं असेल तर अजून गाळता येईल. बायकांना कधी सवड आहे तेवढं फोन करून कळवा.

तुमची,
ठाण्याची पोरगी