गोठ्याच्या भेगा आणि न्हाणीतलं बॅरल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळी होऊन गेली तरी रात्री पंखा लागतो म्हणता, म्हणून गोचीड आणि डासांबद्दल हे सविस्तर लिहिते. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान एक अंशाहून जास्त वाढलंय. माणसाला एक अंश जाणवतही नाही. गोचिडाला आणि डासाला जाणवतो, कारण त्यांच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. बाहेर जेवढं उबदार, तेवढी त्यांची वाढ भराभर. पूर्वी मार्गशीर्ष-पौषातली थंडी त्यांना दाबून ठेवायची. ते काम आता आपल्या अंगावर आलंय.

बाबा, आधी गोठ्याचं. गाईच्या अंगावर औषध मारलं आणि पंधरा दिवसांत गोचीड परत दिसले की औषध बोगस निघालं असं वाटतं. बऱ्याचदा औषध बरोबर असतं, जागा चुकते. गोचीड ताप पसरवणाऱ्या जातीची मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंतीच्या भेगेत नाहीतर गव्हाणीच्या सांध्यात शिरते आणि हजारो अंडी घालते. बॅटरी घेऊन भिंतीचा खालचा हातभर भाग बघा. बेदाण्याएवढ्या टम्म माद्या आणि त्यांच्यापुढं तपकिरी, रव्यासारखी अंडी दिसतील. आधी शेण-पाचट खरवडून काढा, भेगा सिमेंटनं बुजवा. मग जनावर आणि भिंत एकाच दिवशी फवारा.

औषध आणि त्याचं प्रमाण जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारा, दूध किती दिवस घालायचं नाही तेही. माप टोपणानं नको, सिरिंजनं घ्या. पातळ औषधानं दणकट गोचीड जगतात आणि त्यांची पिल्लावळ पुढं कशालाच दाद देत नाही. एका गाईला दोन-तीन लिटर द्रावण लागतं. कान, गळ्याखालची लोंबती पोळी, कास आणि शेपटीखालची जागा ओली झालीच पाहिजे. त्याआधी गव्हाण रिकामी करा, तोंडाला फडकं बांधा. तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, तोवर उरलेल्या अंड्यांतली काही फुटलेली असतात. आपली देशी खिलार गाय तग धरते, विदेशी जातीची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) धरत नाही. ताप 104 च्या वर आणि खांद्यापुढची गाठ सुजलेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तपासायला सांगा. पापणीच्या आतला भाग पांढरा पडेपर्यंत थांबलं तर इंजेक्शनचा फारसा उपयोग होत नाही.

आई, आता न्हाणीतलं बॅरल. डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. ती काळी, मोहरीहून बारीक. कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, काथ्यानं कडा घासायच्या. अंड्यापासून डास व्हायला उबेत आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळं आठवड्यातून एकदा हे केलंच पाहिजे. फ्रिजमागचा ट्रे विसरू नकोस.

डास जगतो दोन-चार आठवडे. गारठ्यात विषाणू त्याच्या पोटातून लाळेत यायला इतके दिवस लागतात, की बरेच डास त्याआधीच मरतात. उबेत हेच आठ-दहा दिवसांत होतं. फार कडक ऊन डासालाही सोसत नाही. मला एप्रिलपेक्षा पावसानंतरच्या या लांबलेल्या उबेची जास्त काळजी वाटते.

ताप आलाच तर फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीची दुसरी गोळी, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, अजिबात नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो. बाबा, तुमची हृदयाची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधी सांगा, पण ती स्वतःहून बंद करू नका. पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन ही डेंग्यूची रक्ततपासणी करून घ्या. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, तेच दोन दिवस नाजूक. पोट सारखं दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा फार गळून गेल्यासारखं वाटलं, तर रात्र असली तरी सांगलीला दवाखान्यात जा.

फवारणीची तारीख खडूनं गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा.

तुमची लेक