माळ्यावरची पेटी यंदा उघडा : कोकणातल्या मिशनरी घरांच्या आठवणींसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या सगळ्या चाकरमान्यांना आणि गावातच राहणाऱ्या थोरामोठ्यांना हे आवाहन आहे. वेंगुर्ले, रत्नागिरी, हर्णै, बाणकोट इथे परदेशातून येऊन राहिलेल्या मिशनरी कुटुंबांच्या घरांत आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आज्या-पणज्या कामाला होत्या. कुणी आया होती, कुणाचे आजोबा त्यांचा स्वयंपाक करत, कुणी दवाखान्यात कंपाउंडर होते, तर कुणी आगबोटीवरून त्यांच्या ट्रंका होडीत घालून किनाऱ्याला आणत. त्या माणसांनी पाहिलेलं, ऐकलेलं आणि घरी येऊन सांगितलेलं सारं गोळा करण्याचं काम वेंगुर्ल्यातल्या आम्ही काही जणांनी गेल्या दिवाळीपासून हाती घेतलं आहे. पैशांची मदत हवीच आहे. पण त्याआधी हवी आहे ती तुमच्या माळ्यावरची पेटी आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची एक दुपार.

हे काम मला का करावंसं वाटलं ते आधी सांगतो. माझी आजी लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षं एका मिशनरी कुटुंबात आया होती. तिथेच ती लिहायला शिकली. तिची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची, निळ्या शाईने मोडक्यातोडक्या मराठीत लिहिलेली. त्यात केक, जॅम, पुडिंग अशा कृती होत्या आणि मधूनच मुलांच्या तापाच्या नोंदी. कुठल्या दिवशी कोयनेल दिलं, कुठल्या दिवशी ताप उतरला. लहानपणी ती वही मी हाताळली आहे. आजी गेल्यावर घर रंगवायला काढलं तेव्हा माळा रिकामा केला आणि ती वही जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेली. गठ्ठा मीच उचलून दिला होता. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि त्या वहीचं मोल मला कळत नव्हतं. आज तिच्यातल्या जेमतेम तीन कृती आठवतात.

ही कुटुंबं इथे कधीपासून येत होती, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल १८२३ साली आले आणि त्याच वर्षी वारले. तरी बाणकोट आणि हर्णै इथे सोसायटीचं काम पुढे चालू राहिलं. जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरले. मराठी शिकायला ते हर्णैला येऊन राहिले. ज्यांच्या नावाचं मुंबईत चौपाटीवर कॉलेज आहे, तेच हे विल्सन. त्या वेळी सुएझ कालवा नव्हता. स्कॉटलंडहून निघालेलं जहाज आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने समुद्रात असे. घरच्या पत्राला उत्तर धाडायचं तर ते पोचेपर्यंत विचारणारा जिवंत असेल की नाही, याचीही खात्री नसायची. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये, इथे येऊन जेमतेम सहा वर्षं होतात न होतात तोच, त्या वारल्या.

पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं आली. कोल्हापूरला १८७० मध्ये, रत्नागिरीला १८७३ मध्ये आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी वेंगुर्ल्याला. आपलं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल त्यांचंच. दापोलीला इंग्लंडहून आलेल्या दुसऱ्या मिशनची शाळा होती. पां. वा. काणे आणि साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले.

आमच्या वेंगुर्ल्यात १५ ऑगस्ट १९१९ रोजी इथल्या मिशनच्या डॉक्टरांच्या घरी एक मुलगा जन्मला, रॉबर्ट गोहीन. पंधरा वर्षांचा होईपर्यंत तो हिंदुस्थानातच वाढला, मग पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. १९५७ साली तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. १९६९ मध्ये त्या विद्यापीठाने पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश दिला तो त्याच्याच कारकिर्दीत. आणि १९७७ ते १९८० तो अमेरिकेचा राजदूत म्हणून आपल्या देशात परत आला. हे सगळं छापलेलं आहे, कुठेही वाचायला मिळतं. पण वेंगुर्ल्यातल्या त्या बाळाला न्हाऊमाखू कोणी घातलं, रात्री रडायला लागल्यावर कोणत्या गाण्याने झोपवलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. ज्या घरात ते माहीत होतं ते घर इथेच, आपल्या आसपास कुठेतरी असणार.

मला सांगायचं ते एवढंच आहे. त्या कुटुंबांनी मायदेशी पाठवलेली पत्रं आणि अहवाल फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन ऐतिहासिक संस्थेसारख्या ठिकाणी नीट जपून ठेवले आहेत. अर्धी गोष्ट तिकडे सुरक्षित आहे. उरलेली अर्धी इथल्या माणसांची आहे, आणि ती कागदावर उतरलेलीच नाही. रत्नागिरीला ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं कुटुंब राहिलं. ते बंदिवान होते, आपखुशीने आले नव्हते, पण परमुलुखात संसार मांडणं त्यांनाही चुकलं नाही. त्यांचा १९१० सालचा राजवाडा आज माणसं तिकीट काढून पाहतात. मिशनरी घरांतला संसार साधा होता, त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आतापर्यंत आम्ही जे ऐकलं त्यातलं थोडं सांगतो, म्हणजे आम्हाला काय हवं आहे ते ध्यानात येईल.

परदेशातून आलेल्या माणसाला आधी भाषा शिकावी लागे. पंडित यायचे, पुस्तकी मराठी शिकवायचे, परीक्षा व्हायची. मग नवी मिसबाई दवाखान्यात बसायची आणि समोरची बाई म्हणायची, "आंग मोडान इला गे बाय, नि पोटात कळ मारता." पंडितांनी शिकवलेलं सगळं तिथेच संपायचं. एका कंपाउंडरच्या मुलाने सांगितलं की त्याच्या वडिलांनी दुखण्या-खुपण्याचे मालवणी शब्द एका कागदावर लिहून दिले होते, समोर पुस्तकी मराठी आणि त्यापुढे इंग्रजी. तो कागद टेबलाच्या काचेखाली असायचा आणि नवीन येणारा प्रत्येक जण आधी तो पाठ करायचा. "खंय दुखता तुका?" हे वाक्य त्यात पहिलं होतं. तो कागद आम्ही शोधतो आहोत. कुणाकडे त्याची नक्कल असेल तर कृपा करून कळवा.

पावसाबद्दल तर प्रत्येक जण बोलतो. आपल्याला पाऊस नवा नाही. झड आत येऊ नये म्हणून ओटीला चुडतं बांधायची, बेगमीचं सामान भरून ठेवायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. त्यांना ते शिकावं लागलं. पावसाळ्यात आगबोटी बंद. मुंबईहून सामान नाही, मासिकं नाहीत. टपाल घाटावरून फिरून येणार. चामड्याच्या बुटांवर दोन दिवसांत बुरशी, पुस्तकांच्या पानांत कसर. बाजाची पेटी फुगून तिचे सूर दाबलेले राहत, म्हणून तिच्यापाशी पेटता कंदील ठेवत. आश्विनातलं ऊन पडलं की अंगणात खाटा टाकून पुस्तकं, गाद्या, लोकरीचे कपडे सगळं वाळत घालायचं. आजी सांगायची, त्या दिवशी मडम पदर खोचल्यासारखा झग्याचा घोळ कमरेला खोचून सकाळपासून उन्हात उभी असायची.

जेवण इथलंच झालं होतं. गहू महाग आणि मिळायला कठीण, त्यामुळे उकड्या तांदळाची पेज सगळ्यांनाच. रातांब्याच्या दिवसांत आगळ करून ठेवायचं. पिकल्या फणसाचा वास मात्र काही जणांना शेवटपर्यंत सोसला नाही. एका आजींच्या आईने काजूबोंडांचा जॅम करून पाहिला होता. तो फसला की जमला, यावर त्यांच्या घरात अजून दोन मतं आहेत.

आणि मुलं. ह्या सगळ्या आठवणींत सर्वांत जड आठवणी मुलांच्या आहेत. सहा-सात वर्षांचं होईपर्यंत मूल आयांच्या मांडीवर वाढायचं, त्यांच्याशी मालवणीत भांडायचं, अंगणात गोट्या खेळायचं. मग एक दिवस त्याला कोडाईकनालच्या निवासी शाळेत पाठवायचं. अमेरिकन मिशनऱ्यांनी १९०१ साली मुख्यतः आपल्याच मुलांसाठी ही शाळा काढली होती. आंबोली घाट चढून बेळगाव, तिथून पुढे आगगाडी, दिवसचे दिवस प्रवास. वर्षातून एकदा मोठ्या सुट्टीत मुलं घरी येत. शहाऐंशी वर्षांच्या एका आजींनी आपल्या आईचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, "पोरां गेली आणि मडम दोन दिस जेवूक नाय." मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "आमची आये पण जेवूक नाय." त्या मुलांना वाढवणाऱ्या इथल्या बायकांना त्यांची पत्रं कधी येत का, हा प्रश्न मी प्रत्येक घरात विचारतो. दोन घरांत 'हो' असं उत्तर मिळालं. एका घरात नाताळाचं एक कार्ड अजून देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.

सहा-सात वर्षांनी वर्षभराची रजा मिळून कुटुंब मायदेशी जाई. तिकडे मुलं वर्गात एकटी पडत, कारण त्यांना बर्फात खेळता येत नसे आणि त्यांच्या खेळाचे शब्द तिकडे कुणाला कळत नसत, असं एका मुलाने मोठेपणी इथे परत आल्यावर माझ्या आजीला सांगितलं होतं. परदेश त्यांना नेमका कुठला वाटत असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता एक प्रश्न, जो आम्हाला पारावर, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला जातो. ही माणसं धर्मांतरासाठी आली होती ना? मग त्यांचं कौतुक कशाला? उत्तर सरळ आहे. ती धर्मप्रसारासाठीच आली होती आणि आम्ही ते कुठेही झाकणार नाही. कुणी ख्रिस्ती झालं म्हणून भाऊ भावाशी बोलेनासा झाला, विहिरीचं पाणी तोडलं, आईच्या प्रेतालाही हात लावू दिला नाही, अशा हकिगती आम्हाला मिळाल्या आहेत. त्याही तशाच लिहून ठेवतो आहोत. काही मिशनरी नोकरांशी तुसडेपणाने वागत, हेही ऐकलं आणि टिपलं. ज्यांच्या घरात त्या काळाबद्दल राग आहे त्यांनी तो राग घेऊनच आमच्याकडे यावं. आमच्या गटात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे आहेत, आणि ज्याने जे सांगितलं ते त्याच्या शब्दांत राहील, एवढं आम्ही आपसात ठरवून घेतलं आहे.

आजवर आम्ही सत्तावीस जणांशी बोललो. त्यातले चौघे ह्या काही महिन्यांत गेले. एकांकडे 'पुढच्या रविवारी येतो' म्हणून मी सांगून आलो आणि तो रविवार उजाडलाच नाही. म्हणून ही घाई.

पैशांचा हिशोब असा. कागद सपाट ठेवून फोटो काढणारा चांगला स्कॅनर ३८,००० रुपये. दोन लोखंडी कपाटं २६,०००. आपल्या हवेत कागद टिकायचे तर खोलीतली दमट हवा ओढून घेणारं यंत्र लागतं, त्याला २२,०००. सगळं दोन ठिकाणी साठवून ठेवायच्या डिस्का १४,०००. राहिले ५०,००० ते गावोगाव जाण्याच्या खर्चाला आणि ध्वनिमुद्रणं ऐकून मालवणीतच उतरवून काढणाऱ्या दोन मुलींच्या मानधनाला. एकूण दीड लाख. त्यांपैकी ६१,००० आम्ही आपसात आणि ओळखीपाळखीत जमवले. ८९,००० कमी पडतात. शंभर रुपयांचीही पावती मिळेल आणि सगळा जमाखर्च दर तीन महिन्यांनी सर्वांना वाचायला मिळेल. उतरवून काढणाऱ्या मुलींचं मानधन आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कपाट उशिरा आलं तरी चालेल, पण मालवणी कानाची ती दोघं दुसऱ्या कामाला लागली तर त्यांच्यासारखं कुणी सापडणं कठीण आहे.

हे आवाहन ज्याच्या हातून तुमच्यापर्यंत आलं त्यालाच निरोप द्या, आमच्यातलं कुणीतरी तुमच्या घरी येईल. मूळ वस्तू आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर फोटो काढून त्याच दिवशी परत देतो. जुने फोटो अल्बमला चिकटले असतील तर ओढून काढू नका, अल्बमच दाखवा. पत्रं ओलसर लागली तर इस्त्री करू नका आणि उन्हातही टाकू नका, सावलीत पंख्याखाली पसरून ठेवा. रद्दीवाल्याला काही देण्याआधी एकदा चाळा. इंग्रजी अक्षर दिसलं, परदेशी तिकीट दिसलं, एखाद्या गोऱ्या मुलाबरोबर नऊवारीतली बाई उभी असलेला फोटो दिसला, तर आम्हाला हाक मारा.

घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला आत्ताच काही विचारू नका. एकदा सांगून झालं की दुसऱ्यांदा सांगताना बरंच गळून जातं, हा आमचा अनुभव आहे. पहिल्यांदा सांगतील तेव्हा आम्हालाही तिथे बसू द्या. दुपारचा चहा झाला की साधारण चारच्या सुमाराला माणसं मोकळी होतात. आम्ही त्याच वेळेला येऊ.

मृग लागायच्या आत जेवढी घरं होतील तेवढी करायची आहेत. पाऊस सुरू झाला की माळे गळतात.